दोन गावांचा एक भोंगा

आबा, तुम्ही गेल्याचा मेसेज मी लिहिला, आणि त्यात खुर्दचं नाव राहिलं.

एवढं एकच काम माझ्याकडं आलं होतं. कुणी लाकडं पाहिली, कुणी पाव्हण्यांना फोन लावले, तुमच्या लेकीनं, उषानं, घर सांभाळलं. मी नांदेडचा प्राध्यापक जावई, मला लिहिता येतं असा सासरवाडीत एक जुना समज आहे, म्हणून मेसेज माझ्या वाट्याला. मी तो लिहिलाही झकास. 'अल्पशा आजाराने' लिहिलं, अंत्यविधीची वेळ लिहिली, आणि खाली 'शोकाकुल: समस्त ग्रामस्थ, पळसोंडी बुद्रुक' असं टाकून पाठवून दिला. तो बुद्रुकच्या ग्रुपवर गेला, तिथून देवणीला, उदगीरला, आणि ओढा ओलांडून पळसोंडी खुर्दलाही गेला. ओढ्याला पाणी होतं, पण मेसेजला कुठं पाय भिजवायचे असतात.

अर्ध्या तासात मल्लप्पाअण्णांचा फोन आला. खुर्दचे जुने सरपंच, तुमच्याच वयाचे. आवाज अगदी शांत. "जावईबापू, आबाचं दुःख आम्ही करायचं का न्हाई, तेवढं कळवा. म्हंजी पोरांना सांगायला बरं."

अंत्यविधीला खुर्दहून दोघंच आले. एक मल्लप्पाअण्णा, आणि दुसरी तिकडं दिलेली तुमची सख्खी बहीण, गंगूआत्या. ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर माणसं उभी दिसत होती, धोतरं, टोप्या, पोरांचे रंगीत शर्ट. पण अलीकडं कुणी उतरलं नाही. उषानं तिकडं एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "तेरवीला तरी येतील ना?"

"येतील की," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं ती तुमचीच नजर होती, आबा. मी माईकची वायर उलटी खोचली की तुम्ही असंच पाहायचात. तेरवीनंतर पंधरवड्यात पोळा. तेरवीला खुर्द आलं नाही तर पोळा वेगळा होणार, आणि पोळा वेगळा झाला तर तुमच्या हयातीतलं सगळ्यात मोठं काम तुमच्या पाठोपाठ महिन्याभरात जाणार, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं, फक्त मेसेज पाठवून झाल्यावर.

त्या दिवसापासून दुपारी जरा डोळा लागला की मला तुमचा आवाज ऐकू येतो. हाक नाही, बोलणंही नाही. शेताच्या दोन पट्ट्या ओलांडून यावा तसा, सोयाबीनवरून वाऱ्यानं थोडा वाकलेला, "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की..." आणि पुढचं वारा घेऊन जातो. काय कळविण्यात येतंय ते कळण्याआधीच मी जागा होतो. उशीला कान लावून पडून राहतो, की उरलेलं वाक्य मागून येईल. येत नाही.

तुमच्या त्या आवाजावर दोन गावं उठायची. ओढ्यावरच्या मारुतीच्या देवळावर तुमचे दोन भोंगे, एकाचं तोंड बुद्रुककडं, एकाचं खुर्दकडं. शेती तुम्ही पोटासाठी केलीत, भोंगा मात्र हौसेनं. लाईट किती वाजता जाणार, राशन कधी येणार, कुणाची शेळी सुटली, सगळं तुमच्या तोंडून. लग्नाच्या आधी मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही 'नांदेडचे पाव्हणे उषाला पाहण्यासाठी आलेले आहेत, तरी पारावरची गर्दी कमी करावी' असं दोन्ही गावांना कळवलं होतं. गर्दी वाढली.

आणि त्याच माईकवरून तुम्ही तो तीन शब्दांचा घोटाळा केलात.

पोळ्याला दोन्ही गावांचे बैल मारुतीला फेरी घालायला ओढ्यावर यायचे. मानाचा बैल एक साल बुद्रुकचा, एक साल खुर्दचा. त्या साली पाळी बुद्रुकची होती, त्यात कुणाचं दुमत नव्हतं. ढोल वाजला आणि खुर्दचा एक खोंड बिथरला. माणसं चेंगरतील म्हणून तुम्ही घाईत म्हणालात, "खुर्दवाल्यांनी मागं सरकावं." पुढच्यांनी ते ऐकलं आणि सरकले. मागच्यांना ते माणसामाणसातून पोचलं, आणि पोचेपर्यंत त्याचं 'खुर्दची जागा मागंच' झालं. मग काठ्या निघाल्या. डोकी फुटली, कोर्टात केस गेली. सहा पोळे वेगळे झाले.

दोन गावांत दोन व्हिडिओ फिरायचे, एकाच भांडणाचे. बुद्रुकच्या व्हिडिओत फक्त खुर्दच्या काठ्या, खुर्दच्या व्हिडिओत फक्त बुद्रुकच्या. मी दोन्ही पाहिले. दोन्ही खरे होते. कुणी पदरचं काही घातलं नव्हतं, फक्त कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबवायचं एवढंच ज्यानं त्यानं ठरवलं होतं. पाचवीतली पोरं ते व्हिडिओ पाठ असल्यासारखी बघायची.

गंगूआत्या सहा पंचम्या माहेरी आली नाही. ओढा म्हणजे केवढा, हाकेच्याही अलीकडं. उषा सांगते, आत्या पलीकडच्या काठावर धुणं घेऊन यायची आणि तुम्ही अलीकडं बैल धुवायला. एकमेकांशी बोलायचा नाहीत, दोन्हीकडून गाव बघत असायचं. तुम्ही बैलाशी बोलायचात.

"गुडघा लई दुखून राहिलाय रे ढवळ्या."

पलीकडं आत्या चादर पिळता पिळता चादरीला सांगायची, "एरंडाचं पान गरम करून बांधावं म्हणावं."

ढवळ्या बिचारा ऐकून घ्यायचा.

त्या वर्षांत मी दिवाळीला आलो की तुम्हाला शिकवायचो. आठवतं का? मी राज्यशास्त्राचा माणूस. युद्ध संपून शांतता कशी येते, त्यात लोकमताचा वाटा काय, हे मी पोरांना फळ्यावर तीन बाण काढून सांगत आलोय. लढाई, मग तह, मग शांतता. बाण सरळ असतात, खडू चांगला असतो. मी ओसरीवर बसून तुम्हाला म्हणालो, "आबा, आधी सत्य समोर यायला पाहिजे. दोन्ही गावच्या माणसांची समिती नेमा. पहिली काठी कुणी उचलली ते एकदा ठरू द्या."

तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "पहिली काठी कुणाला घावली हाय का आजवर? दुसरी घावती, तिसरी घावती. पहिली काठी दरेकाच्या घरात दुसऱ्याची असती."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि वर्गात स्वतःचं म्हणून सांगितलं. एवढं तुमच्याकडून उचललं हे आज कबूल करतो.

मग थंडीतल्या एका सकाळी, मी सुट्टीला आलेलो असतानाच, तुम्ही ती घोषणा केलीत. मी अंथरुणातच होतो. धुकं इतकं की देवळाचा कळससुद्धा दिसत नव्हता, आणि त्या पांढऱ्यातून नुसता आवाज आला. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, खुर्दच्या मल्लप्पाअण्णांची एक म्हैस आपल्या गायरानात आलेली आहे. म्हैस सुखरूप आहे. तिला पेंड घातलेली आहे. तरी मालकानं येऊन घेऊन जावी."

खुर्दकडच्या भोंग्याचं तोंड भांडणात कुणीतरी दगडानं चेपलं होतं. त्यामुळं हे पहिल्यांदा ऐकलं बुद्रुकनं. सहा वर्षांनी भोंग्यावर खुर्दचं नाव, आणि तेही म्हशीसकट. पोरं तणतणत आली. "आबा, आपल्या भोंग्यावर त्यांची म्हैस कशाला?"

"म्हशीला कुठं म्हाईत हाय ती कुणाची," तुम्ही म्हणालात. "तिला इचारा, ती सांगती का."

दहाच्या सुमाराला मल्लप्पाअण्णा स्वतः ओढा उतरून आले. सहा वर्षांत अलीकडं पाय ठेवलेला खुर्दचा पहिला माणूस. सगळं गाव पारावर उभं. तुम्ही त्यांना म्हशीचं दावं दिलंत आणि चहा दिलात. दोघं शेजारी बसून म्हशीबद्दल बोललात, दूध किती देती, पेंड कुठली. भांडणाचा एक शब्द नाही. पण दुसऱ्या दिवसापासून भोंग्यावर खुर्दच्या बातम्या यायला लागल्या. खुर्दची लाईट आज दोनला जाईल. खुर्दच्या अमुक मुलीला दहावीला चांगले मार्क पडले, तिचं अभिनंदन. कुणीतरी वायर तोडली, तुम्ही जोडली. परत तोडली, परत जोडली. हळूहळू पोरांना खुर्दची लाईट कधी जाते हे पाठ झालं, आणि ज्या गावाच्या लाईटची वेळ पाठ आहे त्याच्यावर काठी उचलणं थोडं अवघड जातं.

मी विचारलं, "आठ महिने झाले, तुम्ही एकदाही शांततेचं नाव काढलं नाही?"

"शांतता म्हणलं की लोकं आपापल्या काठ्या कुठं ठिवल्यात ते बघतेत," तुम्ही म्हणालात.

सातव्या पोळ्याच्या आधी खुर्दच्या पोरांनी चेपलेला भोंगा उतरवून ठोकून सरळ केला, कुणी सांगितलं नसताना. त्या साली बैल एकत्र फिरले. त्या पंचमीला आत्या माहेरी आली होती, आणि तुम्ही दोघं दिवसभर समोरासमोर बसून काहीच बोलला नाहीत. सवय मोडली होती म्हणे.

आणि त्यानंतर बऱ्याच काळानं एका दुपारी, आंब्याखाली बाजेवर पडल्या पडल्या, डोळे मिटूनच तुम्ही मला म्हणालात, "ती म्हैस हरवली नव्हती."

मला आधी वाटलं तुम्ही झोपेत बोलताय. सावली हलत होती, तुमच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं आणि जात होतं. मग तुम्ही सगळं सांगितलंत. धुणं धुता धुता ओढ्याच्या दोन काठांवरून चादरीला आणि बैलाला सांगत तुम्ही दोघांनी तो बेत केला होता. पहाटे आत्यानं मल्लप्पाअण्णांच्या गोठ्यातली म्हैस सोडली, ओढ्यात घातली, आणि अलीकडून तुम्ही धरलीत.

मी उठून बसलो. "आबा, ही फसवणूक आहे. ह्याला प्रचार म्हणतात."

"म्हैस तर खरी हुती. चार पाय, दोन शिंगं."

"हरवली होती हे खोटं ना?"

"हाव. तेवढं खोटं."

"आणि उद्या लोकांना कळलं तर? खोट्यावर उभी राहिलेली शांतता किती दिवस टिकणार?"

"तू सांग, तुझ्या पुस्तकात किती दिवस लिव्हलेत?"

हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. ओसरीवर घातला, लातूरच्या दवाखान्यात तुमच्या सलाईनच्या शेजारी बसून घातला. सिस्टर म्हणाल्या, पेशंटला बोलायला लावू नका. तुम्ही मला म्हणालात, "ऱ्हाऊ दे, फुडच्या खेपेला." पुढची खेप झाली नाही. माझं म्हणणं अर्धं राहिलं आहे, आबा, आणि तुमचं तर मी कधी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे चार जिल्ह्यांतल्या नातेवाइकांना ठाऊक आहे. तरी ही एक तुम्ही माझ्याकडंच का ठेवलीत, हे विचारायचं राहून गेलं. लेकीला सांगायची होतीत. ती तुमच्यासारखी आहे.

असो. तर खुर्दचं नाव राहिलं, आणि त्या मेसेजचा फोटो खुर्दच्या ग्रुपवर फिरायला लागला. खाली लोक लिहीत होते. पहिल्या दिवशी 'विसरले' होतं, तिसऱ्या दिवशी 'मुद्दाम वगळलं' झालं, पाचव्या दिवशी 'आबांनीच सांगून ठेवलं होतं' असं झालं. शेवटचं उषानं वाचलं. तिनं फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेली.

आठव्या दिवशी मी दोन पानांचा माफीनामा लिहिला आणि ओढा ओलांडून मल्लप्पाअण्णांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाले.

"पर हे वाचून पोरं म्हणतील, चुकलं का मुद्दाम केलं? मग तुम्ही अजून दोन पानं लिव्हणार. माफी म्हंजी अजून एक बोलणंच हाय हो. पोरांना यायला कायतरी कारण पाहिजे."

"तुम्ही तर येणार ना, अण्णा?"

"मी येतो की. पर मी एकटा आलो तर मल्लप्पा आला. खुर्द न्हाई आलं." त्यांनी पानं घडी करून मला परत दिली. "मागल्या खेपेला म्हैस तरी हुती."

पानं खिशात घालायला गेलो तो तसाच थांबलो.

"माझ्या गोठ्यातली गाठ मी मारलेली," ते म्हणाले. "जनावर ती गाठ सोडीत न्हाई. आणि गंगूबाई ती सोडत हुती ते मी खिडकीतून बघितलं बी."

"मग बोलला का नाहीत?"

"सहा वर्सं मला वड्यापलीकडं जायचं हुतं. नुसता गेलो असतो तर गाव म्हणलं असतं, मल्लप्पा वाकला. म्हैस आणाय गेलो म्हणल्यावर कोण काय म्हणणार?"

"तुम्हाला माहीत आहे हे आबांना ठाऊक होतं?"

"त्यानं कधी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "मी बी कधी सांगितलं न्हाई." आणि त्यांनी गोठ्याकडं पाहिलं. तिथं आता दुसऱ्याच म्हशी होत्या.

परत येताना मी ओढ्यात मधोमध थांबलो. पाणी घोट्यापर्यंत, इकडून तिकडून सारखंच गार. वरून ढग चालले होते, त्यांची सावली अर्धी खुर्दवर, अर्धी बुद्रुकवर, आणि मधे मी, हातात दोन पानं. वीस वर्षं मी फळ्यावर जे बाण काढले त्यात कुठं एक म्हैस नव्हती. आणि जे लोक 'फसले' म्हणून मी तुमच्याशी भांडलो, ते खिडकीत उभे राहून सगळं बघत होते.

नवव्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो. तुमचा माईक पुसला. सवयीनं त्यात फुंकर मारली, आणि तुम्ही ओरडणार म्हणून थांबलो. मग बोललो.

"सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, मी आबांचा जावई बोलतोय, नांदेडचा. मी अठरा वर्षं ह्या गावचा जावई आहे, आणि परवापर्यंत मला वाटत होतं की पळसोंडी हे एकच गाव आहे, ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी पसरलेलं, आणि बुद्रुक हे त्याचं आडनाव आहे. म्हणून मेसेजमध्ये एकच नाव लिहिलं. खुर्द नावाचं वेगळं गाव असतं हे आता कळलं. तरी जाणत्या मंडळींनी तेरवीला यावं, आणि येताना खुर्द नेमकं कुठून सुरू होतं ते जावयाला दाखवावं."

आबा, ज्या माणसानं दोन्ही व्हिडिओ पाहिले, ज्यानं सहा वर्षं ओसरीवर बसून समित्या नेमल्या, त्याला दोन गावं आहेत हे माहीत नाही? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. ठेवलाही नाही. आधी बुद्रुकच्या पारावर कुणीतरी फस्सकन हसलं. मग पलीकडून, ओढ्यावरून, बायकांचं हसणं आलं. दुपारी खुर्दच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आवाजात निरोप फिरला, "प्राध्यापकाला हद्द दाखवायला समद्यांनी चलायचं हाय."

जावयाला हसायला आपल्याकडं कुणाची परवानगी लागत नाही. रागावलेलं गाव माफी घ्यायला आलं नसतं, जावयाची फजिती बघायला आलं.

तेरवीला खुर्द आलं. बायका आल्या, म्हातारे आले, ग्रुपवर सगळ्यात वाईट लिहिणारी पोरंही आली आणि पत्रावळी वाढायला लागली. दोघा म्हाताऱ्यांनी माझा दंड धरून मला ओढ्यावर नेलं. "हे बघा जावई, हितून खुर्द. फुडल्या खेपेला कुणी मेलं तर ध्येनात ठिवा." एकानं तर शाळेतली मैदान आखायची पांढरी फक्की आणून माझ्या पायापाशी रेघ मारली. मल्लप्पाअण्णा लांब उभे राहून बघत होते. आत्या हसत हसत पदर तोंडाला लावून रडत होती, किंवा उलट. मी तुम्हाला शोधलं. खरंच शोधलं, आबा, इतकी गर्दी जमली आणि माईकवर कुणीच नाही, असं कधी झालं नव्हतं.

एक तुम्हाला सांगतो, बाकी कुणाला सांगितलेलं नाही. खुर्दचं नाव मी विसरलो नव्हतो. लिहिलं होतं. मेसेज लांबतोय, दिसायला बरा दिसत नाही, म्हणून पुसलं. तुमची इतक्या वर्षांची राखण मी एका ओळीसाठी पुसली, आणि ती परत आणायला खोटं बोललो. ही फसवणूक आहे, हे मी अजूनही म्हणतो. तुम्ही चुकीचे होतात असं मात्र आता मला म्हणता येत नाही. दोन्ही एकदम कसं खरं असेल, ते मला वर्गात सांगता येणार नाही. तुम्हाला आलं असतं. तुम्ही सुपारी कातरत सांगितलं असतं आणि मी ते वहीत लिहून घेतलं असतं.

दिवस कलताना माणसं पांगली. ओढ्यावरून खुर्दचा गलका लांब लांब जात ऐकू येत होता, मग तोही विरला. मी आत गेलो. उषा भिंतीला टेकून बसली होती. मी जरा फुशारकीनंच म्हणालो, "आलं की गं खुर्द."

ती म्हणाली, "तेरा दिवस मी ओढ्याकडंच बघत होते. आबा गेले, त्याचं रडायचं राहूनच गेलं. आता तेवढं दार लोटून घ्या, आणि थोडा वेळ कुणाला आत येऊ देऊ नका."